जप्ती झाली म्हणजे पैसे आले का?

तर झालं असं, की दिवाळीत चार दिवस गावी गेलो होतो. गाव केज तालुक्यात, जिल्हा बीड. सकाळी ओसरीवर तात्या (माझे चुलते) पेपर घेऊन बसले होते आणि मी समोर चिवडा घेऊन. तालुक्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत तात्यांचे चार लाख अडकून दोन वर्षं झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. हायवेच्या रुंदीकरणात आमचं थोडं रान गेलं, त्याचा हा मावेजा. गेलेल्या रानाचा पैसा, आणि तोही गेलेला.

त्या दिवशी पेपरात बातमी होती की संचालकांच्या मालमत्ता जप्त झाल्या. तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आरं, जप्ती झाली मंजी आता पैसे येणार म्हणायचं का?"

"येणारच की तात्या," मी चिवडा तोंडात टाकत म्हटलं, "जप्तच केलंय म्हटल्यावर."

आमच्या घरात मी पहिला इंजिनियर. त्यामुळे टीव्हीचा रिमोट चालेना झाला तरी मला विचारतात आणि कायद्याचं काही अडलं तरी मलाच. मीही ठोकून देतो. पण निघायच्या दिवशी कळलं, की तात्यांनी केजच्या दुकानदाराला पाईपलाईनच्या पाईपांसाठी शब्द दिलाय. विहिरीपासून वरच्या रानापर्यंत पाईप, उधारीवर. "जप्तीचे पैसे आले की देतो. पोरगं सांगून गेलंय." पोरगं म्हणजे मी!

परतीच्या बसमध्ये मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. जप्ती म्हणजे नक्की काय झालं? खटल्याचा तर निकालच लागलेला नाही. मग निकालाआधी एखाद्याची मालमत्ता घेता कशी येते? आणि घेतली तर ती कुणाची होते? पुढचे तीन वीकांत याच नादात गेले. हाती लागलं ते इथे लिहितोय. मी वकील नाही, तेव्हा चूभूद्याघ्या.

*

पहिली गोष्ट म्हणजे जप्ती दोन प्रकारची असते, आणि आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो.

एक, निकालानंतरची. तुम्ही दावा जिंकलात, कोर्टाने हुकूमनामा दिला, समोरचा पैसे देईना. मग तुम्ही दरखास्त दाखल करता आणि बेलिफ जाऊन त्याची मालमत्ता जप्त करतो. मराठवाड्यात मावेजा थकला म्हणून सरकारी कार्यालयातल्या खुर्च्या आणि साहेबांची गाडी जप्त करायला बेलिफ आला, अशा बातम्या अधूनमधून येतात. ती ही जप्ती. यात कोण खरं, कोण खोटं, हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरी, निकालापूर्वीची. इथे अजून काहीच ठरलेलं नाही. वादी एवढंच म्हणतो, "साहेब, दाव्याला वर्षानुवर्षं लागणार. तोवर हा माणूस जमीन मेव्हण्याच्या नावावर करील, गाड्या विकील. मी जिंकेन, पण हाती फक्त कागद राहील." आणि कोर्ट, पटलं तर, प्रतिवादीची मालमत्ता तात्पुरती अडकवून ठेवतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे डेटाबेसमधलं लॉक आहे. रेकॉर्ड तुमचं झालेलं नाही, फक्त दुसरं कुणी त्याला हात लावू शकत नाही. शेवटी ट्रॅन्झॅक्शन कमिट होईल किंवा रोलबॅक. (हे वाचून वकील मित्र हसतील. हसू देत.)

पण हे लॉक कुणाला मिळावं, कशावर मिळावं आणि ते चुकीचं निघालं तर काय, या तीन प्रश्नांभोवती दीडशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. आणि त्यातला बराचसा चक्क आमच्या एसटीच्या रस्त्यावर घडलेला आहे.

*

कोर्टं नव्हती तेव्हा काय करत होते? तर तगादा लावत.

आज 'तगादा' म्हणजे फार तर दिवसातून चार फोन. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये इथल्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचं वर्णन आहे. धनको ऋणकोच्या दारात येऊन बसायचा. पहारा ठेवायचा, घरातल्यांचं खाणंपिणं अडवायचा, प्रसंगी डोक्यावर दगड देऊन उभं करायचा. आणि याचाच एक प्रकार म्हणजे धरणं. धनको दारात उपाशी बसणार आणि तो उपाशी असेपर्यंत ऋणकोनेही जेवायचं नाही. कुणाची सहनशक्ती आधी संपते ते बघायचं.

थोडक्यात, निकाल लागायच्या आधी मालमत्ता नव्हे, माणूसच जप्त! कर्ज खरं की खोटं याची चौकशीसुद्धा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ होतं. देवाचा कोप होईल अशी भीती घालून एखाद्याला काही करायला लावणं हा त्यात गुन्हा होता. त्या कलमाखाली उदाहरण म्हणून दुसऱ्याच्या दारात धरणं धरून बसलेला माणूसच दिलाय.

गंमत बघा, ठेवी बुडाल्या की आजही आमचे लोक बीडला कलेक्टर ऑफिससमोर धरणं धरूनच बसतात. शब्द तोच, दार तेवढं बदललं.

*

इंग्रजांनी १८५९ मध्ये पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आणली. निकालापूर्वी जप्तीची सोय तिच्यात होती. प्रतिवादी हुकूमनाम्याची अंमलबजावणी टाळायच्या हेतूने मालमत्ता विकतोय किंवा हलवतोय असं दिसलं तर कोर्टाने आधी त्याच्याकडे तारण मागावं, आणि ते दिलं नाही तर जप्ती. कागदावर हे तगाद्यापेक्षा कितीतरी सभ्य होतं. पण कोर्ट कुणाला वापरता येतं, हा प्रश्न उरलाच.

आता बसच्या खिडकीतून बाहेर बघू. केजहून पुण्याला येताना मांजरसुंबा, पाटोदा, मग जामखेड, मग आष्टी, कडा, आणि पुढे नगर (आताचं अहिल्यानगर), शिरूर. पाटोदा आणि आष्टी बीड जिल्ह्यात, मधलं जामखेड नगर जिल्ह्यात. आज एवढंच की जिल्ह्याची पाटी दोन-तीनदा बदलते. १८७५ मध्ये याच रस्त्यावर राज्य बदलायचं. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात, नगर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात.

या रस्त्याच्या पुढच्या टोकाला, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात, डिसेंबर १८७४ मध्ये एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर तिथल्या देशमुखाचं राहतं घर घेतलं आणि पाडायला काढलं. गाव बिथरलं. सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या (आताच्या बारामती तालुक्यातलं सुपे) बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. लोण शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत भागात पसरलं. हेच ते 'दख्खनचे दंगे'.

शाळेत आपण हे दोन ओळींत पाठ केलं होतं. मला तेव्हा कळलं नव्हतं ते हे, की लोकांना मुख्यतः पैसे किंवा धान्य नको होतं. त्यांना कागद हवे होते. खतं, कर्जरोखे, हुकूमनामे. बऱ्याच ठिकाणी सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर त्याला कुणी हात लावला नाही. कागदांची होळी केली आणि लोक घरी गेले.

असं का? कारण कोर्ट फक्त कागद बघायचं. अंगठा उठवलेला आहे ना? मग संपलं. मूळ पन्नास रुपये घेतले होते, त्याचे व्याजाचं व्याज धरून दर दोन-तीन वर्षांनी नवं खत करत करत तीनशे झाले, हे कोर्ट विचारत नसे. बरेच दावे एकतर्फी निकाली निघायचे, कारण समन्सच पोचलेलं नसायचं, किंवा पोचूनही शेतकरी घाबरून कोर्टाची पायरी चढायचा नाही. त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपल्यावर कापसाचे भाव पडलेले आणि सरकारने शेतसारा वाढवलेला. म्हणजे नावाला जप्ती निकालानंतरची. पण त्या निकालात शेतकऱ्याची बाजू ऐकलेलीच नसेल, तर ती जप्ती निकालापूर्वीचीच नव्हे का? मला तरी फरक दिसत नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या तीन गोष्टी मला फार आवडल्या. एक, कोर्टाने शेतकरी प्रतिवादीला समोर बोलावून त्याची जबानी घ्यावी. दोन, नुसतं शेवटचं खत न बघता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशोब तपासावा. तीन, खास गहाण टाकलेली नसेल तर शेतकऱ्याची जमीन पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येणार नाही. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

पण कायदा नगरपर्यंत. हद्दीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, तो लागू नव्हता. एकाच ओढ्याच्या दोन काठांवर दोन शेतकरी आणि दोन कायदे.

*

१९०८ मध्ये नवी दिवाणी प्रक्रिया संहिता आली आणि ती अनेक दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं आणि १ एप्रिल १९५१ पासून ही संहिता बीडलाही लागू झाली. तिच्यात आपला विषय आहे 'आदेश ३८'. मी तो दोन वेळा सलग वाचला. एखाद्या जुन्या, नीट लिहिलेल्या कोडसारखा आहे. प्रत्येक नियमात कुणाच्या तरी जुन्या अनुभवाचा पॅच दिसतो.

नियम ५ मध्ये मुख्य काम आहे. प्रतिवादी हुकूमनामा अडवायच्या किंवा लांबवायच्या हेतूने मालमत्ता विकणार किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर नेणार आहे, असं शपथपत्राने वा अन्यथा कोर्टाला पटलं पाहिजे. 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. नुसतं तो विकतोय एवढं पुरत नाही, धंद्यात माणूस विकणारच. शिवाय कोर्ट थेट जप्ती करत नाही. आधी विचारतं, तारण देतोस का, नाहीतर का देऊ नये ते सांग. ही पायरी गाळून केलेली जप्ती रद्दबातल ठरेल, अशी स्पष्ट भर १९७६ च्या दुरुस्तीने घातली.

नियम ९ मध्ये सुटका. तारण दिलं किंवा दावा फेटाळला गेला तर जप्ती उठवायची. झाला रोलबॅक.

नियम १० आणि ११ हे तात्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो.

आणि मग नियम १२. तो वाचून मी खुर्चीत जरा सरळ बसलो. शेतकऱ्याच्या ताब्यातला शेतमाल निकालापूर्वी जप्त करायचा अर्जच वादीला करता येणार नाही आणि कोर्टालाही तसा हुकूम देता येणार नाही. कोर्टाचा विवेक, परिस्थिती, अपवाद वगैरे काही नाही, सरळ बंदी. उभ्या हंगामात कापूस, तूर, ज्वारी कुलपात टाकली तर दाव्याचा निकाल लागेपर्यंत माणूसच संपेल, हे कुणाला तरी माहीत होतं. हा नियम सुप्याच्या होळीतूनच आला असं मी म्हणणार नाही. पण तो वाचताना मला सुपं आठवलं, एवढं खरं.

चुकीच्या जप्तीचं काय? त्यासाठी कलम ९५ आहे. अपुऱ्या कारणावर जप्ती मिळवली असेल तर वादीने प्रतिवादीला भरपाई द्यायची. १९०८ मध्ये कमाल एक हजार रुपये होती, १९९९ च्या दुरुस्तीने पन्नास हजार झाली. एखाद्याचं चालू दुकान दोन वर्षं बंद ठेवलं तर पन्नास हजारात काय होतं, ते तुम्हीच ठरवा.

म्हणूनच कोर्टं या बाबतीत हात आखडता घेतात. नोव्हेंबर २००७ मध्ये 'रामन टेक' नावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की ही असाधारण आणि कठोर सत्ता आहे, ती यांत्रिकपणे वापरायची नाही. आणि बिनतारणी उधारी तारणी कर्जात बदलून घेण्याचा हा मार्ग नव्हे. प्रतिवादीवर दबाव आणून त्याला तडजोडीला भाग पाडण्याचाही नव्हे. म्हणजे तगादा कोर्टाच्या दारातून परत आत येऊ द्यायचा नाही.

*

इथे जरा लंडनला जाऊन येऊ. कारण तारखांचा एक योग सापडला आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इंग्लंडची वरिष्ठ कोर्टं बराच काळ मानत होती की निकालापूर्वी प्रतिवादीच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. १८९० च्या 'लिस्टर विरुद्ध स्टब्स' या निकालापासून तर ते पक्कंच होतं. दावा सिद्ध होईपर्यंत वादी हा धनको नाहीच, मग त्याला कुलूप कसं देणार? म्हणजे जी सत्ता इंग्रजांनी हिंदुस्थानात १८५९ पासून लेखी देऊन ठेवली होती, ती त्यांच्या स्वतःच्या घरात नव्हती.

हे बदललं ते लॉर्ड डेनिंग यांच्यामुळे. २२ मे १९७५ ला एका जपानी जहाज कंपनीच्या दाव्यात त्यांनी ग्रीक भाडेकरूंचे लंडनच्या बँकेतले पैसे गोठवले. सुप्याच्या बाजारानंतर बरोबर शंभर वर्षं आणि दहा दिवस! महिन्याभरात, २३ जूनला, 'मरेवा' कंपनीचं प्रकरण आलं आणि त्याच नावाने हा हुकूम जगभर ओळखला गेला. त्या प्रकरणातलं जहाज होतं 'लेअर्टिस'. ते बोर्दोहून खत घेऊन भारतात येणार होतं आणि पोटभाडेकरू होतं आपलं भारत सरकार! सरकारने लंडनच्या बँकेत भाडं भरलं, मधल्या कंपनीने ते जहाजमालकाला पुढे दिलं नाही, आणि मालकाने कोर्टात धाव घेतली की हे पैसे उद्या देशाबाहेर जातील.

१८७५ मध्ये एका खताची होळी, १९७५ मध्ये दुसऱ्या खताच्या जहाजावरून नवा कायदा. मराठीत दोन्हींना 'खत' म्हणतात हा निव्वळ योगायोग, पण मी एकटाच खोलीत हसलो :)

जरा गंभीरपणे. सुप्याचे शेतकरी आणि डेनिंग यांची चिंता उलटसुलट आहे. शेतकऱ्यांना भीती होती की न ऐकताच आपलं घेतील. डेनिंगना भीती होती की ऐकून होईपर्यंत घ्यायला काही उरणारच नाही. दोन्ही भीती खऱ्या आहेत. आदेश ३८ या दोन्हींच्या मधल्या बांधावर उभा आहे.

*

आता परत बीडला.

सुप्याला सामान्य माणूस ऋणको होता. तात्यांसारखा ठेवीदार मात्र धनको आहे. त्याचे पैसे संस्थेकडे आहेत. मग त्याने आदेश ३८ वापरावा ना? कागदावर वापरता येतो. पण दावा दाखल करा, कोर्ट फी भरा, वकील द्या, संचालक कुठली जमीन विकतोय ते सातबारे काढून शोधा, त्याचा हेतू दाखवा, आणि हे चार लाखांसाठी. असे हजारो ठेवीदार, प्रत्येकाचा वेगळा दावा. ज्याच्याकडे चांगला वकील, त्याचं कुलूप आधी.

म्हणून महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा केला. कोर्टात सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. यात ठेवीदाराने एकट्याने कुलूप मागायचं नाही. सरकार राजपत्रात आदेश काढून संस्थेची, आणि गरज पडल्यास संचालक-प्रवर्तकांचीही मालमत्ता अडकवतं. उपजिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा नाही असा अधिकारी सक्षम प्राधिकारी म्हणून नेमला जातो. तो तीस दिवसांत विशेष कोर्टात जातो. कोर्ट समोरच्याचं म्हणणं ऐकून जप्ती कायम करतं, बदलतं किंवा उठवतं. आणि शेवटी पैसे सगळ्या ठेवीदारांत न्याय्य प्रमाणात वाटायचे.

हा कायदाही सहज टिकला नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो घटनाबाह्य ठरवला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. एप्रिल २०२२ मध्ये त्याची मोठी परीक्षा झाली, आणि हे आपल्या धंद्यातल्यांनी लक्षात ठेवावं असं आहे, कारण समोर एक सॉफ्टवेअर कंपनीच होती. २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंज कोसळलं, सुमारे ५,६०० कोटी अडकले. त्याची मूळ कंपनी '६३ मून्स', पूर्वीची फायनान्शियल टेक्नॉलॉजीज. तिच्या मालमत्तेवरची जप्ती उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ग्राह्य धरली.

आणि बीडमध्ये हा विषय घराघरात पोचवला तो ज्ञानराधा मल्टिस्टेटने. (तात्यांची संस्था ती नव्हे.) बीडमध्ये मुख्यालय, चढे व्याजदर, लाखो ठेवीदार. २०२३ च्या अखेरीस लोक पैसे काढायला रांगा लावू लागले, २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी ईडीने एक हजार कोटींहून अधिक किमतीच्या मालमत्ता तात्पुरत्या जप्त केल्याचं जाहीर केलं. पैसे संस्थेतून समूहाच्या स्वतःच्या कंपन्यांकडे कर्ज म्हणून वळवले, असा आरोप आहे. तो सिद्ध होतो की नाही हे कोर्ट ठरवील. ईडीचा कायदा वेगळा, तिथली तात्पुरती जप्ती १८० दिवसांची आणि तेवढ्यात प्राधिकरणाने ती कायम करावी लागते. पण ठेवीदाराच्या दृष्टीने गाभा तोच. कुलूप लागलं, किल्ली अजून कुणालाच मिळालेली नाही.

आता ते राहिलेले नियम १० आणि ११. निकालापूर्वी जप्ती मिळवली म्हणून ती मालमत्ता वादीची होत नाही. जप्तीच्या आधीपासून त्या मालमत्तेवर दुसऱ्या कुणाचे हक्क असतील, बँकेचं गहाण असेल, तर ते तसेच राहतात. वादीला हुकूमनामा मिळाला तर पुन्हा जप्ती करावी लागत नाही, एवढाच फायदा. आणि अनेक हुकूमनामेवाले असतील तर कलम ७३ प्रमाणे वाटणी. एमपीआयडीत तपशील वेगळे, पण जप्तीनंतर म्हणणं ऐकणं, जप्ती कायम होणं, मूल्यांकन, लिलाव, दाव्यांची यादी, वाटप, एवढ्या पायऱ्या बाकी असतात. आणि दरम्यान कुलपातली मिल गंजत असते, तिच्यावर पोट असलेले कामगार दुसरीकडे गेलेले असतात. पेपरात छापलेली किंमत आणि लिलावात आलेली किंमत एकच असेल, याची हमी कुणी देत नाही.

*

तिसऱ्या रविवारी तात्यांना फोन केला.

"तात्या, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं."

"काय रं?"

"जप्ती झाली म्हणजे पैसे आले असं नाही. कुलूप लागलंय फक्त. त्यांना आता विकता यायचं नाही. पण आपल्याला मिळायला अजून लई टायम आहे. आणि मिळतील ते सगळे मिळतील असंही नाही."

पलीकडे बराच वेळ कुणीच बोललं नाही. मागे गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"मंजी रान जप्त केल्यावानी. पेरता येत न्हाई, इकता येत न्हाई."

"हां. तसंच."

"मग तू तव्हा येणारच म्हनलास ते?"

काय सांगणार? "न बघता बोललो, तात्या."

"बरं केलंस सांगितलंस. पाईप अजून आणलं न्हाईत. दुकानदाराला सांगतो, पुढल्या साली बघू."

दाव्याचा अर्ज भरलाय का, असं विचारलं. सक्षम प्राधिकाऱ्याकडे ठेवपावत्यांच्या झेरॉक्स जोडून अर्ज द्यायचा असतो, तो त्यांनी दिलाच नव्हता. जप्ती झाली म्हणजे काम झालं, असं मी म्हटल्यामुळेच बहुतेक. चार पावत्या आहेत, त्यातल्या एकीवर काकूचं नाव माहेरचं लागलंय.

पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. शनिवारी ऑफिस बंद असेल म्हणून सोमवारची रजा टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, तर 'घरचं काम' एवढंच सांगितलं.